तोंडातल्या टाचण्या

मास्तरांशी बोलायचं तर टाचण्यांमधून वाट काढत आलेला शब्द ओळखता यावा लागे. शिंपीकामात त्यांची उभी हयात गेली, आणि दुकान उघडं असताना त्यांचं तोंड रिकामं कुणी पाहिलं नव्हतं. ओठांच्या एका कोपऱ्यात टाचण्यांची रांग, दुसऱ्या कोपऱ्यातून बोलणं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना सवय झाली होती. नवखं कुणी आलं आणि गोंधळून बघत राहिलं, की पडद्याआडून मास्तरांची बायको खुलासा करायची, "बाही किती ठेवू, असं विचारताहेत!" दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये एक पडदा, असा त्यांचा संसार. त्यामुळे स्वयंपाक करता करता ती दुभाष्याचं कामही उरकत असे.

गेला महिनाभर पडद्यामागून आवाज नव्हता. बायको हॉस्पिटलात होती. तिच्या दोन्ही किडन्या हळूहळू निकामी होत गेल्या, मशीनवर रक्त शुद्ध करून आणण्यात वर्षं गेली, आणि शेवटी तिच्या धाकट्या बहिणीनं आपली एक किडनी थोरलीला दिली. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. मध्ये थोडा ताप आला म्हणून मुक्काम लांबला, पण आता तिला पुढच्या आठवड्यात सोडू असं डॉक्टर म्हणत होते. मास्तरांनी पडदा धुतला, गादीला नवी खोळ शिवली, आणि बायकोसाठी मऊ सुती कापडाचे मास्क शिवायला घेतले. तिच्या आवडीचा फिकट जांभळा रंग त्यांनी तागे उपसून शोधून काढला होता.

त्याच कामात ते गढलेले असताना मेहुणी दुकानात आली. टाके सुकले होते, तरी चालताना एक हात कुशीवर असायचा. तिनं स्वतःचा मास्क नाकावर नीट दाबला आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचाही मास्क होता, पण हनुवटीखाली. वर टाचण्या होत्या.

"भावोजी, हनुवटीला थंडी वाजते का हो?"

"मग टाचण्या कुठे धरू? कानात?" मास्तर ओठांच्या रिकाम्या कोपऱ्यातून म्हणाले. "हे बघ, तुझ्या ताईसाठी शिवतोय. दुहेरी पदर, आतून मलमल. दुकानात विकत मिळणार नाही असा."

असं म्हणत त्यांनी सुई उचलली, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, ओठांत धरून पीळ दिला आणि झटक्यात ओवलं. कडेला चार टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि मास्क मोठ्या ऐटीत मेहुणीपुढे धरला. मेहुणी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर मटकन बसली.

"तुम्ही त्याला थुंकी लावलीत."

"थुंकी? कुठे?"

"आत्ता! माझ्यादेखत! दोरा तोंडात घातलात, दातानं तोडलात!"

मास्तर खरोखरच बुचकळ्यात पडले. दोरा तोंडात घातला असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यांनी सुई ओवली होती. वडिलांनी ओवायला शिकवली तेव्हापासून ती अशीच ओवली जात होती, त्यात थुंकीचा काय संबंध, तेच त्यांच्या ध्यानात येईना. उलट या बाईनं आपल्या हातच्या शिलाईला नावं ठेवली याचा त्यांना राग आला.

"सगळे शिंपी असंच करतात," ते म्हणाले. "आजवर कुणी मेलं नाही माझ्या सदऱ्यानं."

"त्यांची औषधं नव्हती चालू ताईसारखी. भावोजी, स्पष्टच सांगते. ताई इथे येणार नाही. माझ्याकडे येईल. वरची खोली रिकामी केलीय, सून सगळं बघेल."

मास्तरांनी एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या. हे ते फक्त जेवताना आणि भांडताना करत.

"तिचं घर हे आहे."

"घर तिचं असेल. किडनी माझी आहे," मेहुणी म्हणाली आणि कुशीवर हात ठेवून उठली.

ती गेल्यावर मास्तर पडद्याकडे बघत राहिले. लग्न झाल्यापासून बायको या पडद्यामागे नाही असे दिवस त्यांनी काढले नव्हते. महिनाभर कसाबसा दम धरला होता तो एवढ्याच आशेवर की ती इथे येईल. आता बहिणीच्या वरच्या खोलीत गेली, की तिथून परत यायला सहा महिने लागतील की वर्ष, कुणी सांगावं?

दुसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलात गेले. बायकोला काचेच्या खिडकीतून पाहायचं आणि फोनवर बोलायचं, अशी तिथली पद्धत होती.

"घरीच येणार ना गं?" त्यांनी विचारलं.

बायकोनं पांघरुणाची कड नीट केली. "बघू," ती म्हणाली. दमली असेल, मास्तरांना वाटलं. आजारी माणसाला फार बोलवू नये, म्हणून त्यांनीही जास्त ताणलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी वॉर्डातल्या सिस्टरला गाठलं. ही सिस्टर मोठी खमकी बाई होती, पण मेहुणीविरुद्ध निकाल द्यायला मास्तरांना दुसरं कुणी दिसत नव्हतं. त्यांनी तक्रार मांडली. सिस्टरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीकडच्या बेसिनकडे बोट केलं. "हात धुऊन दाखवा बघू."

मास्तरांनी नळ सोडला, हात ओले केले, झटकले आणि पँटला पुसले.

"मास्तर, हे हात धुतलेत की नुसते पाण्याला दाखवलेत?"

मग तिनं स्वतः धुऊन दाखवलं. साबणाचा फेस आधी तळव्यांवर, मग मागच्या बाजूला, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्यांभोवती, नखांच्या खाली. घाई नाही. धुता धुता ती सांगत होती. नवी किडनी परकी समजून शरीरानं हाकलून देऊ नये, म्हणून शरीराचे पहारेकरी औषधांनी झोपवून ठेवलेत. तुम्हाआम्हाला होते ती साधी सर्दी तिला पुन्हा इथे आणून टाकू शकते. मास्क म्हणजे नाक, तोंड, हनुवटी, तिन्ही झाकलेलं. काढताना कानामागच्या दोऱ्या धरायच्या, पुढून हात लावायचा नाही. ओलसर झाला की बदलायचा. तिच्याजवळ जाताना हॉस्पिटलात मिळतो तो तीनपदरी वापरा. कापडी इतरांसाठी ठीक, पण रोज साबणानं धुऊन.

"कळतंय मला," मास्तर म्हणाले. "आणि मी काही उठसूट तोंडाला हात लावत नाही. ती मेहुणी तिखटमीठ लावून सांगते."

"तुमच्याकडे खुणा करायचा खडू असतो ना? निळा आहे? उद्या सकाळी बोटांना चांगला चोळा आणि नेहमीसारखं काम करा. जेवायच्या वेळेला आरशात बघा. मग ठरवू कोण तिखटमीठ लावतंय ते."

मास्तर मोठ्या आत्मविश्वासानं घरी आले. सकाळी त्यांनी दहाही बोटं निळी केली, अधूनमधून पुन्हा चोळत राहिले, आणि आज आपण तोंडाला हात लावत नाही आहोत अशी खात्री बाळगून काम करत राहिले. एक फ्रॉक कापला, दोन पँटींचे पाय आखूड केले, एका गिऱ्हाइकाचं माप घेतलं. ते गिऱ्हाईक जरा विचित्र हसत गेलं, पण मास्तरांनी मनावर घेतलं नाही.

जेवायच्या वेळी ते कपडे घालून बघायच्या खोलीतल्या आरशासमोर उभे राहिले. आरशात निळ्या ओठांचा माणूस उभा होता. नाकाचा शेंडा निळा, भुवई निळी, हनुवटीवरचा मास्क पुढून चांगला सारवल्यासारखा निळा. जीभ बाहेर काढली तर तीही निळी. मास्तरांना आधी हसू आलं. इतकं, की त्यांनी तोंडावर हात ठेवला, आणि हात खाली घेतल्यावर गालावर चार नवी बोटं उमटलेली दिसली.

हात धुवायला म्हणून ते घरात वळले आणि पडद्यापाशी थबकले. काल-परवा धुतलेल्या पडद्याची कड धरायच्या उंचीवर निळीशार झाली होती. सकाळपासून चहाला, पाण्याला, कात्री आणायला ते कितीदा आत-बाहेर गेले होते. दिव्याचं बटण निळं होतं. पाण्याच्या माठाचं झाकण निळं होतं. आणि बायकोच्या गादीची नवी खोळ जाता-येता त्यांनी हातानं सरळ केली होती बहुधा, तिच्यावर उशीपाशी पाची बोटं स्पष्ट उठली होती.

तिथे मात्र त्यांचं हसू मावळलं. ती याच पडद्याला धरून उभी राहील, याच उशीवर गाल टेकेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. जांभळ्या मलमलीचे मास्क आपण किती प्रेमानं शिवले होते! प्रेमात काही खोट नव्हती. खोट हातात होती, आणि ती आजवर दिसली नव्हती इतकंच. मास्तर गादीच्या कडेला, खोळीला न शिवता, जमिनीवर बसले आणि त्यांना मेहुणीचा राग आठवेचना.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात नवं राज्य सुरू झालं. टाचण्यांसाठी मास्तरांनी मनगटाला बांधायची गादी शिवली. सुई ओवायला बारीक तारेचं साधन मिळतं, ते आजवर नवशिक्यांचं म्हणून त्यांनी नाक मुरडलेलं, ते आणलं. गळ्यात नाडीला छोटी कात्री लटकली. दारात बादली, तांब्या आणि साबण आला आणि येणारं गिऱ्हाईक हात धुतल्याशिवाय कापडाला हात लावीना. "मास्तर, दुकान आहे की दवाखाना?" म्हणून लोकांनी चेष्टा केली. "दोन्ही," मास्तर म्हणत, "तुझं पोट बघता कमरेला इलाजच लागणार आहे."

सवय काही एका दिवसात सुटली नाही. पहिल्या दिवशी दोरा तोंडाकडे गेला आणि मास्कवर आपटला, तेव्हा मास्तर स्वतःवरच खेकसले. पुन्हा गेला, पुन्हा आपटला. चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून ते मास्क नाकाखाली ओढायचे. मग मास्कच्या वरच्या दुमडीत त्यांनी बारीक तार घातली, ती नाकावर दाबून बसवली आणि वाफ थांबली. नाकाला खाज तर अशी सुटायची, की तिला यांच्या निश्चयाची खबर लागली असावी. तेव्हा हात पाठीमागे बांधून ते दुकानात येरझाऱ्या घालत.

आणि एक गंमत झाली. तोंड रिकामं झाल्यावर मास्तर बोलायला लागले. मास्कआडून का होईना, पण अखंड. कापडाची जात, जुन्या फॅशनी, कोणत्या गिऱ्हाइकाच्या वडिलांना कसा कोट शिवला होता, सगळं. इतकी वर्षं हे सगळं टाचण्यांमागे अडकलं होतं हे कुणाला ठाऊक? गिऱ्हाइकं माप देऊन झाल्यावरही स्टुलावर बसून राहू लागली. बायकोला हे ऐकवायचं या विचारानं मास्तरांना दिवस ढकलायला बळ येई.

आठवडा संपता संपता मेहुणी परीक्षा घ्यायला आली. या वेळी तिनं लाल खडू निवडला, स्वतः त्यांच्या बोटांना फासला, आणि दुपारपर्यंत समोर ठाण मांडून बसली. मग तपासणी सुरू झाली. मास्क पाहिला. चष्मा पाहिला. कान, भुवया, पडद्याची कड, दिव्याचं बटण पाहिलं.

"जीभ दाखवा."

"अगं, मेहुणी आहेस का डॉक्टर?"

"दाखवा म्हणते ना."

मास्तरांनी आधी हात धुतले, सिस्टरनं शिकवले तसे, मग कानामागच्या दोऱ्या धरून मास्क काढला आणि दाराकडे तोंड करून, मेहुणीपासून लांब, जीभ बाहेर काढली. ती गुलाबी होती. मेहुणीनं मान खाली घातली. ती हरली असं मास्तरांना वाटलं, आणि त्यांना मनातून गुदगुल्या झाल्या.

"ताईला विचारते," ती म्हणाली. "तिनं हो म्हटलं तर इथे."

यात विचारायचं काय, ते मास्तरांना कळेना. पण संध्याकाळी मेहुणीचा फोन आला, की ताई हो म्हणाली, परवा सकाळी सोडताहेत. मास्तरांनी खोळ पुन्हा धुतली. जांभळे मास्कही साबणाच्या गरम पाण्यात घालून उन्हात वाळवले, आत्ता नाही तरी पुढे कधीतरी होतील तिला, म्हणून.

तिला सोडायच्या दिवशी सकाळी मास्तर जागे झाले ते घशात काहीतरी खरखरतंय म्हणून. कापसाची तूस गेली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं, शिंप्याच्या घशात तूस जायचीच. गरम पाणी प्यायले. दाढी करताना एक शिंक आली. मग दुसरी आली. नाकातून पाणी येऊ लागलं तेव्हा मात्र तूस म्हणायची सोय उरली नाही.

ते खुर्चीत बसले. घर लखलखीत होतं, मागे तिची गादी घातलेली होती. कुणाला कळणार होतं? तीनपदरी मास्क लावला की लाल नाक झाकलं जाणार होतं. आवाज जड झाला तर मास्कमुळे झाला म्हणता आलं असतं. दोन दिवसांत सर्दी जाईल, तोवर जरा लांब राहू, जेवण दारातून देऊ. ज्या मास्कच्या आड इतके दिवस बायकोला सांभाळायला शिकत होतो, त्याच्या आड तिच्यापासून काही लपवताही येतं, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. त्यांना स्वतःचीच भीती वाटली. तिला घरी आणायचं होतं, जीव तुटेस्तोवर आणायचं होतं, म्हणून तर हे सगळे उद्योग केले. आणि आता नेमकं तिच्या जिवासाठीच तिला आणायचं नव्हतं.

त्यांनी फोन उचलला.

"मला सर्दी झालीय," ते मेहुणीला म्हणाले. "तिला तुझ्याकडे ने."

मास्तरांना वाटलं, आता ही म्हणणार, मी म्हटलं नव्हतं का.

"साधीच असेल भावोजी."

"साधी माझ्यासाठी. तू ने तिला."

तरी लांबून का होईना, ती बाहेर येताना बघायची म्हणून ते हॉस्पिटलात गेले. इमारतीच्या दारापाशी गेले नाहीत. आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, सायकली लावतात तिथे, मास्क लावून मोकळ्या वाऱ्यात उभे राहिले. मेहुणीची गाडी दाराशी आली. मग चाकांच्या खुर्चीतून बायको बाहेर आली. महिन्याभरात ती बारीक झाली होती, पण चेहऱ्यावरचा तो मातकट रंग गेला होता, एवढ्या लांबूनही ते दिसत होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं, सायकलींपाशी उभा असलेला माणूस ओळखला, आणि मेहुणीकडून फोन मागून घेतला.

मास्तरांच्या खिशात फोन वाजला.

"अहो," बायको म्हणाली. मग थांबली. "धाकटीला उगाच दोष देऊ नका. तिनं काही ठरवलं नव्हतं. मीच तिला म्हटलं होतं, मला तुझ्याकडे ने. तुम्हाला सांगू नकोस, तुझ्यावर घे, म्हणूनही मीच सांगितलं."

मास्तरांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"मला भीती वाटत होती हो. तुमची. रात्रंदिवस तेच डोक्यात. तुम्ही जवळ येणार, मायेनं गालावर हात ठेवणार, आणि मी कशी नको म्हणू? इतकी वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्याच्या हातांची भीती वाटते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? परवा धाकटीनं सगळं सांगितलं तेव्हा हो म्हटलं मी, पण मनात धाकधूक होतीच. माझ्यासमोर नीट वागतील, आणि माझी पाठ वळली की? आज सकाळी तिनं तुमचा निरोप दिला, आणि ती धाकधूक गेली. कुणी बघत नव्हतं. तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं."

गाडीच्या दाराशी मेहुणी दुसरीकडे कुठेतरी बघत उभी होती. इतके दिवस तिनं वाईटपणा घेतला होता आणि एका शब्दानं बोलली नव्हती. मास्तरांना तिचे पाय धरावेसे वाटले, पण तेही आता सर्दी गेल्यावरच करायचं होतं.

"बरे झालात की मला न्यायला या," बायको म्हणाली. "पाहुणी म्हणून जातेय मी तिच्याकडे. घरी यायचंय मला."

टाचण्या नव्हत्या, तरी मास्तरांच्या तोंडातून शब्द फुटेना. डोळे भरून आले आणि चष्म्याच्या काचा धूसर झाल्या. डोळे पुसायला त्यांचा हात वर गेला, गालापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. मग तो सावकाश खाली आला. आसवं गालांवरून वाहून मास्कमध्ये उतरू दिली त्यांनी, मास्क पार भिजला, आणि सायकली काढायला आलेली दोन माणसं या म्हाताऱ्याकडे बघत बघत गेली.

आवाराच्या त्या टोकाला बायको खुर्चीत पुढे झुकून बघत होती.

"पाहिलं मी," ती फोनमध्ये म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. "आता घरी जा, मास्क बदला. आणि बाही किती ठेवायची ते गिऱ्हाइकाला नीट विचारा, मी नाहीये अजून तिथे."